रांग एकच आहे: युरोप-अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
युरोप आणि अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सभासद यांस,

स.न.वि.वि.

गेल्या दिवाळीआधी आमच्या मंडळाच्या बैठकीत मी एक साधा प्रस्ताव मांडला होता. फराळाच्या कार्यक्रमाला माझ्या जर्मनच्या वर्गात भेटलेल्या सात मैत्रिणींना बोलवावं. चौघी सिरियाच्या, दोघी अफगाणिस्तानच्या, एक युक्रेनची. त्यांच्या ताटाचे पैसे मी भरणार होते, चकल्याही मीच करून आणणार होते. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एका ज्येष्ठ सभासदांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण निर्वासितांशी मंडळाचं नाव जोडलं जायला नको. आपण टॅक्स भरणारी, शिकलेली माणसं. ते लोक इथे मिसळत नाहीत, आपण मिसळतो. उद्या आपल्यालाही लोकांनी त्यांच्यातच धरलं तर?" चार-पाच माना हलल्या. प्रस्ताव तिथेच बारगळला आणि चर्चा हॉलच्या भाड्याकडे वळली.

मंडळाचं नाव मी घेत नाही. हेच वाक्य मी न्यू जर्सीतल्या पॉटलकला ऐकलंय, इथे जर्मनीतल्या कोजागिरीला ऐकलंय, व्हॉट्सॲपवर तर आठवड्याला एकदा वाचते. "ते मिसळत नाहीत, आपण मिसळतो." दोन्ही खंडांत राहून झाल्यावर मला हे वाक्य खोटं वाटतं, आणि ते आपल्याच अंगावर उलटणारं आहे असंही वाटतं. म्हणून हे पत्र.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी कोल्हापूरची. २००५ साली बी.फार्म. झाले. २००८ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीला गेले, नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर. एच-फोर म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्या घरांना सांगायला नको. राहायला परवानगी, कमवायला बंदी. शिवाय अमेरिकेत परदेशी फार्मसिस्टला परीक्षेला बसायचं तर २००३ नंतरची पदवी पाच वर्षांची लागते. आपली बी.फार्म. चार वर्षांची. म्हणजे व्हिसाने एक दार बंद केलं होतं आणि पदवीच्या नियमाने दुसरं. सात वर्षं मी घरी बसले. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या बायकांना कामाची परवानगी मिळाली ती मे २०१५ मध्ये.

२०१० मध्ये आमच्या खालच्या मजल्यावर बगदादचं एक कुटुंब राहायला आलं. निर्वासित म्हणून अमेरिकेनेच आणलेलं. नवरा तिकडे इंजिनिअर होता. पाचव्या आठवड्यात तो एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलायला लागला. अमेरिकेची पद्धतच तशी आहे. १९८० च्या निर्वासित कायद्याखाली येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काम करायचा हक्क, आणि पहिल्या तीन महिन्यांतच पायावर उभं राहायची सक्तीही. घर शोधून देणारी, मुलांना शाळेत घालणारी संस्था साधारण नव्वद दिवस सोबत असते. ज्या विमानाने ते आले त्याचं भाडंसुद्धा कर्जाऊ असतं, ते हप्त्याहप्त्याने फेडायचं. एका वर्षाने ग्रीन कार्डचा अर्ज, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा.

२०१५ मध्ये त्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा आमची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतला आमचा नंबर, कुठेच पोचली नव्हती. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे मी कबूल करते. आपण कायद्याने आलो, कर भरला, आणि पुढे हे! तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आजही तोच राग आहे, म्हणून सांगते. आपली रांग अडली आहे ती नोकरीच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा न देण्याच्या नियमाने. निर्वासितांचा कोटा पूर्ण वेगळा. त्या बगदादच्या माणसाने आपल्या रांगेतला एक नंबरसुद्धा घेतला नव्हता. मी सात वर्षं चुकीच्या दारावर धडका मारत होते.

त्या घरातली आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. नवरा रात्रपाळीचा, दिवसा झोपलेला. फुकटचे वर्ग होते, पण तान्ह्याला कुठे ठेवणार? त्यांना छातीत गाठ जाणवली तेव्हा मी गाडीने दवाखान्यात घेऊन गेले, आणि डॉक्टर बोलत होते ते अरबीत सांगत होता त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. "आईला विचार, दुखतं का." गाठ साधी निघाली. पण त्या पोराचा चेहरा मी विसरलेले नाही. कामाला लावायची घाई असलेला देश माणसाला भाषा शिकायला फुरसत देत नाही. ही त्या तऱ्हेची किंमत आहे आणि ती बहुधा बायका आणि पोरं मोजतात.

आम्ही २०१७ मध्ये दक्षिण जर्मनीत आलो. ब्लू कार्डवाल्याची, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर आलेल्याची, बायको म्हणून मला इथे उतरल्या दिवसापासून काम करता येत होतं. अडचण भाषेची होती. म्हणून मी इंटिग्राट्सिऑन्सकुर्सला, म्हणजे इथे मिसळायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला, नाव घातलं. सहाशे तास जर्मन, वर शंभर तास देशाचा इतिहास, कायदा, समाज. शेवटी तेहतीस प्रश्नांची परीक्षा. हा अभ्यासक्रम जर्मनीने २००५ मध्ये सुरू केला. अमेरिकेत याच्यासारखं काही नाही.

माझ्या शेजारच्या बाकावर सिरियातल्या होम्स शहराची एक बाई बसायची. योगायोग असा की तीही फार्मसिस्ट. शब्द पाठ करायला ती औषधांची रिकामी खोकी वापरायची. खोकं उलगडून आतल्या कोऱ्या बाजूला नामं लिहायची, पुल्लिंगी निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. अरबीत दोनच लिंगं, त्यामुळे हिरवी शाई तिला छळायची. मी तिला सांगितलं की मराठीत तिन्ही आहेत, तो, ती, ते. घर ते, दार ते, पुस्तक ते. तिने ते तिन्ही शब्द खोक्याच्या कोपऱ्यात अरबी लिपीत लिहून घेतले आणि मग रोज एखादी वस्तू दाखवून विचारायची, "तुमच्याकडे हे निळं की हिरवं?"

आम्ही दोघींनी आपापल्या पदव्यांच्या मान्यतेसाठी एकाच महिन्यात अर्ज केले. कागद तेच. पदवी, विषयवार तास, अनुभवाचे दाखले, सगळ्याची शपथपत्री भाषांतरं. माझ्याकडे विद्यापीठातून कागद मागवायला कोल्हापुरात भाऊ होता. तिच्या विद्यापीठाकडे पत्र पाठवायचं कुणी आणि कुणाला? दोघींनाही तीच फार्मसीच्या भाषेची परीक्षा, दोघींनाही तीच ज्ञानाची परीक्षा. कचेरीच्या पॅसेजमध्ये एकाच बाकड्यावर आम्ही नंबराची चिठ्ठी धरून बसायचो. काचेमागच्या बाईंना आमच्यात स्थलांतरित कोण आणि निर्वासित कोण हे फाईल उघडेपर्यंत कळायचं नाही.

आता मूळ मुद्दा. मिसळणं हे येणाऱ्याच्या स्वभावावर, धर्मावर, संस्कारांवर ठरतं असं आपण धरून चालतो. ते तपासायचं तर एकच समाज दोन देशांत काय झाला ते पाहायला हवं, आणि असं उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

१९९२ ते १९९५ च्या युद्धात बोस्नियातून लाखो लोक पळाले. जर्मनीने साडेतीन लाखांच्या आसपास माणसं आत घेतली. पश्चिम युरोपात इतकी कुणीच घेतली नाहीत, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बहुतेकांच्या हातात कागद दिला तो 'डुल्डुंग'चा. या शब्दाचा अर्थच मुळी सोसणं. तुम्हाला घालवायचंच आहे, पण तूर्तास सोसून घेतोय. काही महिन्यांनी मुदत संपायची, पुन्हा कचेरी, पुन्हा शिक्का. पुढच्या सहा महिन्यांची खात्री नसलेल्या मुलाला कोण उमेदवारीवर ठेवणार? ज्या घरातून कधीही निघावं लागेल त्या घराच्या भिंती कोण रंगवणार? युद्ध संपवणारा डेटनचा करार झाला, आणि १९९६ पासून जर्मनीतल्या राज्यांनी त्यांना परत धाडायला सुरुवात केली. दशक संपेपर्यंत बहुतेक गेले होते.

त्यातले हजारो बोस्नियाला न जाता अमेरिकेला गेले, आणि त्यातले बरेच मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला. हे शहर तेव्हा ओस पडत चाललं होतं. १९५० मध्ये साडेआठ लाखांची वस्ती, १९९० मध्ये चार लाखांच्या आत. बीव्हो मिल नावाच्या भागात विटांची जुनी घरं रिकामी पडलेली. बोस्नियन लोकांनी ती विकत घेतली, दुरुस्त केली, खाली बेकऱ्या, कसायाची दुकानं, गॅरेजं काढली. ट्रक चालवले, बांधकामं केली. बोस्नियाबाहेरच्या सर्वांत मोठ्या बोस्नियन वस्त्यांपैकी एक आज तिथे आहे आणि साराएव्होच्या प्रसिद्ध पाणपोईची प्रतिकृती चौकात उभी आहे. पुढची पिढी आता इतर कुठल्याही अमेरिकन कुटुंबासारखी उपनगरांत पांगली.

तीच माणसं. तोच इस्लाम, तीच भाषा, त्याच युद्धाच्या जखमा. काहींच्या बाबतीत तर अक्षरशः तेच कुटुंब, आधी जर्मनीत आणि मग मिसूरीत. एका देशात त्यांना 'ते' राहावं लागलं, दुसऱ्यात घर घेता आलं. फरक पडला तो हातात दिलेल्या कागदामुळे.

जर्मनीने ही चूक त्याआधीही केली होती, आणि मोठ्या प्रमाणावर. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांना नावच 'पाहुणे कामगार' दिलं. १९७३ मध्ये भरती थांबवली, पण तोवर पाहुण्यांची बायकामुलं आली होती. त्यांच्यासाठी भाषेचे वर्ग नाहीत, नागरिकत्वाचा सरळ मार्ग नाही. १९८३ मध्ये तर कायदा करून परत जाणाऱ्याला साडेदहा हजार मार्क देऊ केले. तिथेच जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकलेली मुलं परदेशीच राहिली, कारण १९१३ चा कायदा नागरिकत्व रक्ताने मोजत होता. जन्माने नागरिकत्व मिळण्याची सोय झाली १ जानेवारी २००० ला, तीही अटींसह. चाळीस वर्षं एखाद्याला पाहुणा म्हणायचं आणि मग तो घरचा का झाला नाही असं विचारायचं, याला काय म्हणावं?

याच्याशेजारी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मलेलं आपलं मराठी मूल ठेवून पाहा. आईबाप अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, मूल मात्र जन्मतः अमेरिकन. ही सोय आपल्या गुणांवर मिळालेली नाही. यादवी युद्धानंतर गुलामांच्या मुलांसाठी झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीची ती देणगी आहे, आणि ती आपल्यासारख्यांना लागू होते हे १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी स्वयंपाक्याने सर्वोच्च न्यायालयात भांडून सिद्ध करून घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये या हक्काला कात्री लावणारा अध्यक्षीय आदेश निघाला तेव्हा त्यात तात्पुरत्या व्हिसावरच्यांची मुलंही होती. आपल्या ग्रुपवर त्या आठवड्यात किती घबराट उडाली होती, आठवतं? आपण तोवर समजत होतो की असे आदेश 'त्यांच्यासाठी' असतात.

शाळेचंही तसंच. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलाची वाट ठरते, विद्यापीठाकडे की कारागिरीकडे. घरी जर्मन न बोलणाऱ्या पोराला ते वय फार लवकर पडतं. करोनाची लस काढणारे उगुर शाहीन चार वर्षांचे असताना तुर्कस्तानातून आले, वडील कोलोनला मोटारींच्या कारखान्यात कामाला. त्यांनाही शिक्षकांनी खालच्या शाळेची शिफारस केली होती आणि एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून ती बदलायला लावली, ही गोष्ट जर्मनीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. ज्यांच्या शेजारी असा माणूस नव्हता त्यांची गोष्ट कोण सांगणार?

पण जर्मनी शिकली, हेही पाहायला हवं. २०१५ मध्ये नऊ लाखांच्या आसपास लोक आले तेव्हा भाषेचे वर्ग उभे होते, आणि आश्रय मागणाऱ्यावरची कामबंदी नऊ महिन्यांवरून तीनवर आणलेली होती. (अमेरिकेत मात्र सीमेवर येऊन आश्रय मागणाऱ्याला अर्ज केल्यापासून किमान सहा महिने परवाना मिळत नाही. तिथे सगळ्यांनाच लगेच काम मिळतं असा आपला गैरसमज आहे.) सुरुवातीची वर्षं फार संथ गेली, कारण आधी भाषा, मग परीक्षा, मग नोकरी. टीव्हीवर रोज प्रश्न यायचा, हे लोक काम कधी करणार? २०१५ मध्ये आलेल्यांपैकी साधारण ६४ टक्के २०२४ मध्ये नोकरीत होते आणि देशाची एकूण सरासरी ७० च्या आसपास होती. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९२ हजार लोकांनी जर्मन नागरिकत्व घेतलं, त्यात सर्वाधिक, ८३ हजारांवर, सिरियन होते. इथल्या दवाखान्यांत पाच हजारांहून अधिक सिरियन डॉक्टर आहेत. माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन त्यांच्यातल्याच एकाने केलं.

सगळं गोड नाही. त्याच आकड्यांत बायका पाहिल्या तर जेमतेम एक-तृतीयांश कामावर होत्या. पाळणाघरं मिळत नाहीत हे एक कारण, पण काही घरांत नवऱ्याला आणि दिराला बायकोने बाहेर पडलेलं चालत नाही हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वर्गातली एक अफगाण मुलगी फार हुशार होती, दुसऱ्या पातळीनंतर अचानक यायची बंद झाली. कोलोनच्या स्टेशनसमोर २०१५ च्या थर्टी फर्स्टच्या रात्री शेकडो बायकांवर जे गुदरलं त्यावर मी पांघरूण घालणार नाही, आणि २०२४ मध्ये झोलिंगनच्या जत्रेत चाकूने मारल्या गेलेल्यांवरही नाही. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, कडक व्हावी. पण त्या रात्रीचा हिशेब माझ्या शेजारच्या बाकावरच्या बाईकडून मागायचा नसतो. आपल्यातला एखादा व्हिसाचे खोटे कागद करताना पकडला गेला तर आपण सगळे दोषी होत नाही ना?

अमेरिकेतला एक प्रसंग मंडळांनी मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण तोही एका खुल्या पत्राचा आहे. मेन राज्यात लुइस्टन नावाचं जुनं गिरणगाव आहे. गिरण्या बंद पडल्या, वस्ती छत्तीस हजारांवर आली. २००१ पासून तिथे सोमाली निर्वासित यायला लागले. त्यांना तिथे कुणी धाडलं नव्हतं. इतर शहरांत उतरवलेली कुटुंबं स्वस्त घरं आणि शांत शाळा पाहून आपण होऊन आली. (जर्मनीत २०१६ पासून आश्रय मिळालेल्याला सहसा तीन वर्षं नेमून दिलेल्या राज्यातच राहावं लागतं. आपल्याला आवडलं म्हणून गाव बदलायची मुभा ही अमेरिकेची फार मोठी गोष्ट आहे.) वर्षा-दीड वर्षात हजारभर लोक आले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये महापौर लॉरियर रेमंड यांनी सोमाली समाजाला खुलं पत्र लिहिलं. आशय असा की गावाची ताकद संपली आहे, तुमच्या नातलगांना इकडे येऊ नका म्हणून सांगा. गावात ज्यांचं बहुमत होतं त्या फ्रेंच कॅनेडियन गिरणी कामगारांच्या आजोबांनाही त्याच राज्यात भाषेवरून आणि धर्मावरून असंच हिणवलं गेलं होतं. १९२० च्या दशकात मेनमधला कु क्लक्स क्लॅन त्यांच्याविरुद्धच उभा होता.

त्या पत्राचा वास लागून जानेवारी २००३ मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी गावात सभा लावली. त्यांची माणसं जमली काही डझन. त्याच दिवशी त्यांच्या विरोधात, सोमाली शेजाऱ्यांच्या बाजूने, चार हजारांवर लोक बेट्स कॉलेजमध्ये गोळा झाले. कडाक्याच्या थंडीत. लिस्बन स्ट्रीटवरच्या बंद दुकानांत पुढे सोमाली दुकानं आली, आणि २०१५ मध्ये लुइस्टनच्या शाळेने राज्याचं फुटबॉल अजिंक्यपद जिंकलं ते प्रामुख्याने निर्वासितांच्या पोरांच्या जोरावर. महापौरांचं पत्र आणि ती चार हजार माणसं, दोन्ही त्याच गावातली. आपली मंडळं त्या दिवशी लुइस्टनमध्ये असती तर कुठे गेली असती, हा प्रश्न मला पडतो.

आणि अमेरिकेच्या नावाने मी हे जे सांगितलं ते आज तसं राहिलेलं नाही. २० जानेवारी २०२५ ला निर्वासितांना आणण्याचा कार्यक्रमच थांबवला गेला. १९८० मध्ये वर्षाची मर्यादा दोन लाखांवर होती, २०२६ च्या वर्षासाठी ती साडेसात हजार ठेवली आणि त्यातही बहुतेक जागा दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांना. त्याच सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरची फी लावली. एकच हात दोन्ही दारं लोटतो आहे.

"आपल्याला त्यांच्यात धरलं तर?" या प्रश्नाचं उत्तर मला इथे द्यायचं आहे. धरतातच. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलाथे गावी, ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर बसलेल्या हैदराबादच्या इंजिनिअरला गोळी घातली गेली. मारणाऱ्याला ते इराणी वाटले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या टाला भागात काही आठवड्यांपूर्वीच आलेल्या भारतीयाला खोटा आळ घेऊन रस्त्यात मारलं. व्हिसा कुठला, टॅक्स किती भरता, असं विचारायला कुणी थांबलं नाही. जर्मनीत २०२४ च्या जानेवारीत उघड झालेल्या पोट्सडामच्या कडव्या उजव्यांच्या गुप्त बैठकीत, ती उघड करणाऱ्या पत्रकारांच्या म्हणण्यानुसार, 'परत पाठवायच्या' लोकांत जर्मन पासपोर्टवालेही धरले होते, जे पुरेसे मिसळले नाहीत असं ठरवलं जाईल ते. ठरवणार कोण? त्या थंडीत लाखो जर्मन लोक रस्त्यावर उतरले. मी आणि होम्सची माझी मैत्रीण, दोघीही आमच्या गावच्या मोर्चात होतो. मराठी ओळखीचं मला एकच कुटुंब दिसलं.

आम्ही कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातो. ती पेठ जिथे आहे तिथे १९४३ ते १९४८ वळिवड्याचा पोलिश कॅम्प होता. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक बायका आणि मुलं. माझी आजी सांगायची, त्या बायका टांग्याने बाजारात यायच्या, बोटांनी भाव करायच्या. त्यांची शाळा पोलिश, चर्च त्यांचं, नाटकं त्यांची. पाच वर्षांत त्या किती मिसळल्या, मराठी शिकल्या का, याचा हिशेब कोल्हापूरने मागितला नाही. एखाद-दुसरी इथेच लग्न करून कोल्हापूरची झाली, बाकीच्या गेल्या. त्यांच्यानंतर त्याच बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले. आज त्यांच्या दुकानातल्या शालूशिवाय आमच्याकडचं लग्न होत नाही. दोन वेळा दार उघडलेल्या गावातून मी आले आहे, म्हणून मला त्या बैठकीत गप्प बसल्याचा त्रास होतो.

मंडळांकडून मला जे हवंय ते फार खर्चाचं नाही. शनिवारी-रविवारी आपली मराठी शाळा भरते ते वर्ग दुपारी रिकामे असतात. भाडं दिलेलंच असतं. तिथे गावातल्या निर्वासित मुलांना गणित शिकवायला आपल्यातले चार इंजिनिअर पुरेत, आणि आयांना गप्पा मारत भाषेचा सराव करायला चार बायका. आपल्यात डॉक्टर, नर्सेस, फार्मसिस्ट आहेत ज्यांनी पदवीमान्यतेची सगळी वणवण केली आहे. कुठला फॉर्म आधी भरायचा, कुठली परीक्षा कधी द्यायची, हे ज्ञान तुमच्या डोक्यात पडून आहे. ते आठवड्यातून एक तास एखाद्या अफगाण डॉक्टरला द्या. अमेरिकेतल्या मंडळांनी एच-फोरच्या परवान्यासाठी खासदारांना पत्रं लिहिली, मीही सह्या गोळा केल्या होत्या. त्याच पत्रात आश्रय मागणाऱ्यांच्या कामबंदीबद्दल एक परिच्छेद घालायला काय हरकत आहे? २०२१ मध्ये काबूलहून आणलेले हजारो अफगाण अजून कायमच्या कागदाशिवाय लटकले आहेत. लटकणं म्हणजे काय हे आपल्याहून चांगलं कुणाला ठाऊक?

आणि ग्रुप ॲडमिननो, तुम्हाला वेगळी विनंती. सप्टेंबर २०२४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचे हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात अशी अफवा देशभर पसरवली गेली. गावच्या अधिकाऱ्यांनी ती साफ खोटी असल्याचं सांगितलं, तरी शाळांना बाँबच्या धमक्या आल्या, पोरांना घरी पाठवावं लागलं. ती अफवा आपल्या तीन ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांसकट माझ्यापर्यंत आली. पाठवणारे सगळे चांगले लोक आहेत, त्यांच्या घरी मी जेवलेय. एक शब्द लिहून थांबवणारा कुणी नव्हता, मीसुद्धा नव्हते. यापुढे मी लिहिणार आहे, तुम्हीही लिहा.

होम्सच्या माझ्या मैत्रिणीने गेल्या वसंतात ज्ञानाची परीक्षा पार केली. आता ती आमच्या गावातल्या मार्केट चौकातल्या औषधाच्या दुकानात पांढऱ्या कोटात उभी असते. मी तिच्या चार महिने आधी पास झाले, पलीकडच्या गावात काम करते. मंडळातले निम्मे लोक आपली बीपीची गोळी तिच्याच हातून घेतात. ती निर्वासित आहे हे त्यांना माहीत नाही.

या वर्षीच्या दिवाळीची बैठक येत्या रविवारी आहे. मी तोच प्रस्ताव पुन्हा मांडणार आहे, या वेळी तिला शेजारी बसवून. चकल्या मी करतेय. तिने खजूर भरलेलं माअमूल आणायचं कबूल केलंय आणि मराठीत ते निळं की हिरवं हे अजून आमचं ठरलेलं नाही. तुमच्या गावच्या बैठकीत तुम्हीही हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
मूळची कोल्हापूरची, सध्या दक्षिण जर्मनीतली एक सभासद